बाळाच्या औषधडब्यात दडलंय काय?

घरात बाळ आलं की बाळाच्या मागोमाग सामानही येतं. दुपटी, झबली, टोपरी, खुळखुळे, आत्याने आणलेले वाळे, मामाने आणलेला पाळणा. या सगळ्या पसाऱ्यात एक वस्तू मात्र पुष्कळ घरांत राहून जाते. मग एखाद्या रात्री दोन वाजता बाळाचं अंग कढत लागतं आणि सगळे कपाटं उपसत बसतात. थर्मामीटर सापडतो, तर त्याचा सेल गेलेला. औषधाची बाटली सापडते, तर तिची मुदत गेल्या दिवाळीतच संपलेली!

राहून गेलेली ती वस्तू म्हणजे बाळाचा स्वतःचा प्रथमोपचाराचा डबा.

आता तुम्ही विचाराल, "स्वतःचा कशाला? घरात औषधांचा डबा आहेच की!" आहे ना. पण तो मोठ्यांचा आहे. आणि बाळ म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नसते. त्याचं शरीर वेगळ्या तऱ्हेने तापतं, वेगळ्या तऱ्हेने गार पडतं, श्वास वेगळा घेतं, औषधही वेगळं पचवतं. म्हणून त्याच्या डब्यातली प्रत्येक वस्तू त्याच्या शरीराचं एकेक गुपित सांगते. चला तर, दादा-ताईंनो, एकेक वस्तू डब्यात टाकू या आणि गुपितं गोळा करू या.

पहिली वस्तू : थर्मामीटर

आधी एक सोपा प्रयोग. आईला सांगून एका वाटीत आणि एका मोठ्या पातेल्यात सारखंच कोमट पाणी घ्या. पाव तासाने दोन्हींत बोट बुडवून पाहा. वाटीतलं पाणी कधीच गार झालेलं असेल, पातेल्यातलं मात्र अजून कोमट असेल. उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागावरून. वस्तू लहान असली की तिच्या वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग जास्त भरतो.

बाळाचंही तसंच. तीन किलोच्या बाळाच्या वाट्याला दर किलोमागे जेवढी त्वचा येते, ती मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त असते. म्हणून ते चटकन गारठतं. बरं, थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि स्नायूंच्या त्या हालचालीतून ऊब तयार होते. नवजात बाळाला नीट कुडकुडताही येत नाही! मग ते काय करतं? त्याच्या मानेभोवती आणि खांद्यांच्या फऱ्यांमध्ये एक खास तपकिरी चरबी असते. साधी चरबी ऊर्जा साठवते, ही तपकिरी चरबी ती थेट जाळून ऊब देते. पण तिचा साठा थोडाच असतो. म्हणून आजी बाळाला टोपरं घालते, दुपट्यात गुंडाळते, ते अगदी बरोबर आहे. मात्र भर उन्हाळ्यात तीन-तीन कपडे चढवले, तर उलटं होऊन बाळ तापतंसुद्धा.

म्हणजे कपाळाला हात लावून अंदाज करण्यात अर्थ नाही, आकडाच हवा. पूर्वी ताप मोजायचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब असायचा आणि वीस मिनिटं धरून ठेवावा लागायचा. बाळ वीस मिनिटं गप्प राहील का? १८६६ च्या सुमारास थॉमस क्लिफर्ड ऑलबट या इंग्लिश डॉक्टरांनी सहा इंचांचा थर्मामीटर तयार केला. तो पाच मिनिटांत ताप सांगायचा. आजचा डिजिटल थर्मामीटर साधारण मिनिटभरात सांगतो. त्याच्या टोकाशी थर्मिस्टर नावाचा इवलासा भाग असतो. तो तापला की त्यातून वीज जास्त सहज वाहते. किती सहज वाहते ते आतली चिप मोजते आणि त्याचा आकडा करून दाखवते.

काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर बाळाच्या डब्यात नको. तो फुटला तर काचाही पसरतात आणि पाराही. पाऱ्याची वाफ विषारी असते.

बाळाचा ताप काखेत मोजायचा. काख कोरडी करायची, टोक नीट आत धरायचं, हात अंगाशी चिकटवायचा आणि 'बीप' होईपर्यंत थांबायचं. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त आकडा आला की तो ताप. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल, तर एवढा आकडा दिसताच थेट डॉक्टरांकडे जायचं. 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. इतक्या लहान बाळाची रोगांशी लढण्याची ताकद अजून कच्ची असते आणि गंभीर आजारातही बाहेरून फक्त तापच दिसतो. नवजात बाळाचं अंग फार गार पडलं, तर तोही धोक्याचाच इशारा असतो.

दुसरी वस्तू : सेकंदकाटा असलेलं घड्याळ

घड्याळ? औषधांच्या डब्यात? होय! आणि त्याची गोष्ट आपल्या गडचिरोलीची आहे.

तुम्ही शांत बसला असाल, तर मिनिटाला साधारण वीस वेळा श्वास घेता. नवजात बाळ मात्र तीस ते साठ वेळा घेतं! न्यूमोनिया झाला, म्हणजे फुफ्फुसात जंतूंचा संसर्ग झाला, की श्वास आणखी वेगाने चालतो. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त भरले, तर तो वेग धोक्याचा धरतात. स्टेथोस्कोप नसला तरी चालतं. बाळ शांत असताना त्याच्या पोटाकडे पाहायचं आणि पोट वर-खाली झालं की एक मोजायचा. पण पूर्ण एक मिनिट मोजायचं हं! लहान बाळं काही सेकंद भराभर श्वास घेतात, मग जरा थांबतात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर हिशेब चुकतो.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. दवाखाना दूर असलेल्या खेड्यांतली बाळं कशी वाचवायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. गावातल्या सुईणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं होतं, पण त्यांच्यातल्या कितीतरी जणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एक सुरेख साधन तयार झालं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याचा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया असू शकतो. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईला आता बाळाचा आजार ओळखता येऊ लागला!

पुढे 'सर्च'ने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. या गावातल्याच बाया. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप आणि श्वास मोजत, बाळ उबेत आहे ना ते बघत, गरज पडली तर औषधही देत. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि जगभर गाजला. आज तुमच्या गावातली आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येते ना? तिच्या पिशवीत डोकावून पाहा. थर्मामीटर, घड्याळ, वजनकाटा, बॅटरी, बाळाला गुंडाळायचं उबदार कापड. महागडं त्यात काहीच नाही. जीव वाचतो तो वेळेवर केलेल्या अचूक मोजमापामुळे.

तिसरी वस्तू : ओआरएसची पाकिटं

जलसंजीवनी म्हणतात ती हीच. दिसायला साधी पांढरी पूड, पण तिच्यातलं विज्ञान थक्क करणारं आहे.

नवजात बाळाच्या वजनातलं सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. जुलाब झाले की हे पाणी भराभर निघून जातं, सोबत क्षारही जातात. आजी बाळाच्या टाळूवर तेल ठेवते, ती मऊ जागा पाहिलीत? तिथे डोक्याची हाडं अजून जुळलेली नसतात. साधारण दीड वर्षापर्यंत ती जुळतात. शरीरातलं पाणी फार कमी झालं की ती टाळू खोल जाते. डोळे आत ओढल्यासारखे दिसतात, तोंड कोरडं पडतं, लघवी कमी होते, बाळ मलूल होतं. असं दिसलं की उशीर करायचा नाही, दवाखाना गाठायचा.

मग नुसतं पाणी पाजलं तर? जुलाबात आतड्यांतून पाणी नीट शोषलं जात नाही. मीठ-पाणी दिलं, तरी मीठ एकट्याने फारसं आत जात नाही. पण आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे मिळूनच आत घेतं. एक नसला की दुसराही बाहेरच! आणि दोघे आत गेले की त्यांच्यामागून पाणी जातं. गंमत म्हणजे जुलाब चालू असतानाही हे प्रथिन आपलं काम करत राहतं. म्हणून जलसंजीवनीत मीठही लागतं आणि साखरही.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातलं. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस हे मुळात मुलांचे डॉक्टर. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं आणि रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले. महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाकिटं भरून घेतली, ती पिंपांतल्या पाण्यात मिसळली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला सांगितलं. एरवी अशा साथीत शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावत, तिथे हे प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

आज पाकिटात जे सूत्र असतं, ते जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरवलेलं आहे. एक लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम पूड असते. त्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. एवढं काटेकोर का? कारण पाणी कमी घातलं आणि द्रावण घट्ट झालं, तर ते उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. म्हणून पाकीट 'अर्धं आता, अर्धं नंतर' असं वापरायचं नाही. उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्यायचं आणि पाकीट पूर्ण ओतायचं. आपलं पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलिलिटरचं, ते आधी वाचायचं. केलेलं द्रावण चोवीस तासांनी टाकून द्यायचं. बाळाला ते चमच्याने थोडं थोडं देतात आणि आईचं दूध चालूच ठेवतात. दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेयंही मिळतात. ती डब्यात नकोत.

चौथी वस्तू : सुई नसलेली सिरिंज

घाबरू नका, हिला टोचायची सुई नसतेच! ही औषध मोजून पाजायची सिरिंज.

घरातले चार-पाच चमचे घ्या आणि सिरिंजने मोजून बघा, प्रत्येकात किती मिलिलिटर पाणी मावतं. आकडे वेगवेगळे येतील. मग 'एक चमचा औषध' म्हणजे नेमकं किती? मोठ्या माणसाच्या बाबतीत थोडं इकडचं तिकडे झालं तर एक वेळ चालेल, पण बाळाचा डोस त्याच्या वजनावर ठरतो आणि ते वजन असतं चार, पाच, सहा किलो.

आता हे गणित सोडवा. सहा किलोच्या बाळाला डॉक्टरांनी तापासाठी ७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहून दिलं. हे औषध दोन तऱ्हेच्या बाटल्यांत मिळतं. थेंबांच्या छोट्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर एका प्रकारच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. म्हणजे थेंबांच्या बाटलीतलं पाऊण मिलिलिटर किंवा सिरपचे ३ मिलिलिटर. बरोबर? आता समजा, घाईत कोणी थेंबांच्या बाटलीतलंच ३ मिलिलिटर दिलं. किती झालं? ३०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट! पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला इजा होते. छोट्या बाटलीतलं औषध 'सौम्य' असेल असं वाटतं, पण तेच जास्त तीव्र असतं.

म्हणून डब्यात एक कार्ड हवं. त्यावर बाळाचं आजचं वजन, औषधाचं नाव, बाटलीवरचं प्रमाण आणि डॉक्टरांनी सांगितलेले मिलिलिटर लिहायचे. निरोगी बाळाचं वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. त्यामुळे कार्ड पुन्हा पुन्हा बदलावं लागतं.

पाचवी वस्तू : सलाइनचे नाकातले थेंब

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. दूध पितानाही त्याचा श्वास नाकातूनच चालू असतो. मग नाक चोंदलं की दूध ओढावं की श्वास घ्यावा, अशी बाळाची पंचाईत होते आणि ते रडून घर डोक्यावर घेतं. मिठाच्या शुद्ध पाण्याचे हे थेंब घट्ट शेंबूड पातळ करतात. त्यात दुसरं औषध नसतं. हे थेंब घरी करायचे नाहीत. औषधाच्या दुकानातूनच, डॉक्टरांना विचारून आणायचे.

सहावी वस्तू : निर्जंतुक गॉज आणि कागदी चिकटपट्टी

चिकटणाऱ्या तयार पट्टीची गोष्ट मजेदार आहे. १९२० मध्ये अमेरिकेत अर्ल डिक्सन नावाचे गृहस्थ जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत कामाला होते. त्यांची पत्नी जोसेफिन हिला स्वयंपाक करताना सारखं कापायचं, भाजायचं. तिला एकटीला पट्टी बांधता यावी म्हणून त्यांनी लांब चिकटपट्टीवर थोड्या थोड्या अंतराने गॉजचे तुकडे लावून ठेवले. हवा तेवढा तुकडा कापायचा आणि लावायचा. त्यातूनच बँड-एड आली.

पण बाळासाठी ती नको. बाळाचे हात तोंडात जातात, पट्टी सुटते आणि घशात अडकू शकते. त्याची त्वचाही पातळ असते, चिकट पट्टी ओढली की सोलवटते. त्याऐवजी जखम साबण आणि पाण्याने धुवायची, वर गॉज ठेवायचं आणि कपड्याखाली झाकली जाईल अशी कागदी पट्टी लावायची.

भाजलं तर? त्यावरचं पहिलं औषध डब्यात नसतंच. ते असतं नळाला! भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी सोडायचं आणि बाकीचं अंग उबदार ठेवायचं. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको. मग स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे.

डब्यात यांना जागा नाही!

मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. तुमच्या-माझ्या आतड्यात ते वाढत नाहीत, पण बाळाच्या कोवळ्या आतड्यात वाढतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात.

काजळ. काही काजळांत आणि सुरम्यांत शिसं सापडलं आहे. बोटाने घालताना डोळ्यांत जंतूही जातात.

कापूर आणि कापराचं मलम. थोडासा कापूर पोटात गेला तरी बाळाला झटके येऊ शकतात.

ॲस्पिरिन. मुलांना फ्लू किंवा कांजिण्या झाल्या असताना ते दिलं, तर यकृत आणि मेंदूला सूज आणणारा राय सिंड्रोम होण्याचा धोका असतो.

खोकल्याचं औषध. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तर मुळीच नाही.

आणि दोन धोके जमिनीवर असतात, शेंगदाणे आणि बटनासारखे चपटे सेल. बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असते, त्यात शेंगदाणा सहज अडकतो. सेल गिळला तर त्याची वीज अन्ननलिकेतल्या ओलाव्यातून वाहते, तिथे तीव्र अल्कली तयार होतो आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. लगेच दवाखाना! बाळाच्या घशात काही अडकलं तर पाठीवर थाप कशी मारायची, हे घरातल्या मोठ्यांनी डॉक्टरांकडून किंवा प्रशिक्षणात हाताने करून शिकून घ्यायला हवं. ते कुठल्याही डब्यात मिळत नाही.

आता तुमचं काम

झाकणाचा, पारदर्शक, प्लॅस्टिकचा डबा घ्या. गोल कडांची नखं कापायची कात्री, साबण आणि एक छोटी बॅटरीही त्यात ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला बाळाच्या डॉक्टरांचा फोन आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. डबा मोठ्यांच्या हाताला पटकन येईल, पण रांगत्या बाळाला गाठता येणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा.

औषध देणं हे मोठ्यांचं काम, ते तुम्ही कधीच करायचं नाही. पण डब्याची राखण तुम्ही करू शकता. दर महिन्याच्या एक तारखेला सगळं बाहेर काढा. मुदत संपलेलं काय आहे ते आई-बाबांना दाखवा, थर्मामीटर चालू करून बघा, कार्डावर बाळाचं नवं वजन लिहून घ्या. येत्या रविवारीच सुरुवात करा. आणि शेजारच्या घरात बाळ आलं असेल, तर त्यांच्या ताईलाही ही यादी उतरवून द्या.